राबौलच्या माणसाचं ताट

दरवर्षी सर्वपित्री अमावस्येले मी मेलेला माणूस होत होतो. रूपरावच्या घरी पाटावर बसाचं अन् एका परक्याच्या नावानं पोटभर जेवाचं, एवढंच काम. कोणाले सांगतलं त हसतीन, म्हणून सांगत नसे. पण गावाले सगळं माहीतच होतं.

आमच्याकडं पितरपक्षात घरातल्या गेलेल्या माणसाच्या तिथीले त्याच्याच वयाचा, जातीतला कोणी जेवाले बोलावतात. त्याचे पाय धुतात, कपाळाले गंध लावतात, पाटावर बसवतात. तेवढ्या वेळापुरता तोच गेलेला बुढा. याले पितर बसणं म्हणतात. आता कोणाच्या बापाच्या नावानं बसलं त समजते. मी ज्याच्या नावानं बसे, तो रूपरावचा बापही नव्हता अन् काकाही नव्हता. जातीचं त सोडा, तो आपल्या देशाचाही नव्हता. दूर समुद्रातल्या एका बेटावरचा काळा, कुरळ्या केसाचा ख्रिस्ती माणूस, तोमाना त्याचं नाव. मी रोहण्याचा अण्णाजी, पिठाची चक्की चालवतो, जलमात समुद्र पाह्यला नाई, अन् वर्षातून एक दिवस मी तोमाना.

रूपराव अन् मी एका वयाचे, एकाच मास्तरच्या हातचा मार खाल्लेले. तो आर्वीले एका जिनिंगात लारी चालवे. लढाई लागली तवा फौजेले डायवर पायजे होते, तर हा एकेचाळीस साली भरती झाला. नवीन लग्न झालेलं, कोकिळावहिनीच्या हातची हळद गेली नव्हती. त्याले सिंगापूरले धाडलं. तिथं काई महिन्यातच इंग्रजाची सगळी फौज हात वर करून मोकळी झाली, अन् आमचा रूपराव जपान्याईचा कैदी झाला. मंग त्याईनं याईले जहाजात कोंबलं अन् राबौलले नेऊन उतरवलं.

राबौल म्हणजे न्यू ब्रिटन नावाच्या बेटावरचं बंदर. शाळेच्या नकाशात ऑस्ट्रेलियाच्या वर, उजव्या अंगाले, बेटाची एक ओळ दिसते, त्यातलं. तिथं लढाईच्या आधी काय होतं ते रूपराव एखाद्या वेळी सांगे, कारण त्यात त्याचं स्वतःचं काई नव्हतं. आधी जर्मन आले, त्याईनं नारळाचे मळे लावले. पहिल्या लढाईत ऑस्ट्रेलियावाल्याईनं ते घेतलं, मळे तेच राह्यले, मालक बदलले. मंग जपानी आले. जपानी गेले तशे परत ऑस्ट्रेलियावाले. तोमानाच्या बापानं म्हणे तीन झेंडे पाह्यले, अन् तिघाईनंही त्याले एकच काम सांगतलं, नारळ फोड. रूपराव हे सांगताना हसे. स्वतःचं सांगाची वेळ आली की मात्र बिडी पेटवे.

त्याच्या स्वतःच्या गोष्टीतलं मले जे माहीत होतं ते इतकंच. जपानी त्याईच्याकडून जहाजं खाली करून घेत अन् डोंगरात भुयारं खणून घेत. वरून अमेरिकेचे इमानं बॉम्ब टाकत. जेवाले मूठभर भात, तोही रोज नाई. रूपरावच्या पायाले जखम झाली, ती चिघळली, चालता येईना. ज्याले चालता येत नाई त्याले ते जास्त दिवस ठेवत नसत. तर एका दिवशी बॉम्ब पडून राह्यले होते, सगळे भुयारात, हा सरपटत उलट्या दिशेनं निघाला. डोंगराच्या अंगाले कोणाच्या तरी वाडीत घुसला अन् मातीतून रताळे उकरून कच्चेच खात बसला. तिथं तोमानानं त्याले धरलं.

धरून जपान्याईच्या हवाली केलं असतं त तोमानाले तंबाखू भेटली असती, मीठ भेटलं असतं. त्यानं याले वाडीच्या वर एका गुहेत नेऊन लपवलं. पाल्याचा रस लावून जखम बरी केली. चार महिने तोमानाच्या घरून जेवण येत राह्यलं. मंग एका रात्री तोमाना आला अन् त्यानं याले डोंगराच्या पलीकडं, दुसऱ्या लोकाच्या गावात नेऊन सोडलं. लढाई संपली, ऑस्ट्रेलियावाल्याईनं जिते राह्यलेले हिंदी लोकं गोळा केले, तवा त्या छावणीत कोणीतरी रूपरावले सांगतलं, खालच्या गावात हिंदी माणसाले लपवलं म्हणून जपान्याईनं एकाचं मुंडकं उडवलं.

रूपराव समजला, तोमाना गेला. त्यानं परत जाऊन इचारलं नाई. जहाज तयार होतं अन् घर सुटून पाच वर्षं झालती. सेहेचाळीस साली तो रोहण्याले आला, तवा वहिनीनं त्याले ओळखलं नाई असं माही बायको जयवंता सांगते. मंग पुलगावच्या डेपोत ट्रक चालवाले लागला अन् संसाराले लागला.

त्याच वर्षीच्या पितरपक्षात त्यानं तोमानाचं ताट वाढाचं ठरवलं. मेल्याची तारीख माहीत नाई, म्हणून अमावस्या. पण पितर बसाले कोणी तयार होईना. ख्रिस्त्याच्या नावानं कोण बसन? अन् समुद्रापलीकडचा मुडदा अंगात शिरला त काढाचा कोणी? शेवटी मी बसलो. खरं सांगू, अर्धं दोस्तीसाठी अन् अर्धं वहिनीच्या हातच्या वड्याईसाठी. वडे, खीर, कढी, भोपळ्याची भाजी, सगळं रीतीप्रमाणं. वरून केळीच्या पानावर उकडलेलं रताळं, बिनमिठाचं. तोमानाच्या घरून तेच ये म्हणून. ते रताळं घशाखाली उतरवता उतरवता माह्या डोळ्यात पाणी ये, अन् लोकाईले वाटे अण्णाजीच्या अंगात तोमाना आला.

असं चाललं होतं. पंचाहत्तर सालच्या सप्टेंबरात मी वर्धेले गेलतो. चक्कीच्या बाजूले तेलघाणी टाकाची होती, अन् तिथल्या एका ग्रामोद्योगाच्या संस्थेत नव्या पद्धतीची घाणी पाह्याले भेटते म्हणून कोणी सांगतलतं. फाटकातून आत शिरलो त एका काळ्या तरण्या माणसानं माह्या हातावर पेढा ठेवला. मी म्हणलं, कशाचा? तर तिथला कारकून म्हणे, याचा देश आज स्वतंत्र झाला. तवा आणीबाणी लागलेली, आपल्याकडं बोलाची चोरी. हे त्या पोट्ट्याले मी काऊन सांगू? पेढा खाल्ला अन् इचारलं, देश कोणता? कारकून म्हणला, न्यू गिनी, तिकडून हे घाणी शिकाले आले, नारळाचं तेल काढाची. नाव एलियास.

राबौलचं बेट त्याच देशात, हे रूपरावकडून ऐकलतं. मी त्याच्याकडं नीट पाह्यलं. कुरळे केस, रुंद नाक, हसरा. माह्या तोंडून आपोआप निघालं, "राबौल?"

त्यानं माहा हात दोन्ही हातानं धरला अन् सोडेचना. हाव, तो राबौलच्या बाजूचाच होता. पुढं काई बोलाची सोय नव्हती, मले इंग्रजी येत नाई अन् त्याले मराठी. तोमानाचं नाव माह्या ओठावर आलतं. पण ते इचाराचा हक्क माहा नव्हता. मी त नुसता जेवणारा.

रोहण्याले येऊन रूपरावले सांगतलं, तर मले वाटलं होतं तो उड्या मारन. तो उठला अन् बैल सोडाले गेला. दुसऱ्या दिवशी परत इचारलं, जातो का? तर म्हणे, गेलेल्या माणसाची चौकशी कशाले कराची? मी म्हणलं, लेका, चौकशी नाई त भेट त घेशीन. त्या बेटाचा माणूस वर्धेत येऊन बसला, तो काय रोज येते? रूपराव माह्यावर खेकसला, मी चक्कीवर निघून आलो अन् दोन दिवस त्याच्या दारात गेलो नाई. मलेही राग येते.

मंग वहिनीनंच मले बोलावलं. रूपराव पडवीत बसलाच होता. त्याच्या देखत ती म्हणली, "नाव घेऊन ताट वाढता. मंग इचाराले काऊन भेता?"

 मंग तो म्हणाला ते मले आजही आठवते. म्हणला, "आतापर्यंत कोणीतरी सांगतलं म्हणून तो मेला. आता त्याच्या गावचा माणूस सांगन, की माह्यापायी मेला. मंग काय करू?"

म्हणजे गोम ही होती. मी इतके वर्षं समजत होतो की याले सगळं पक्कं माहीत हाये. याच्या पोटात मात्र बारीकशी आशा होती, की छावणीतला माणूस खोटं बोलला असन, किंवा मुंडकं दुसऱ्याच कोणाचं असन, दुसऱ्याच हिंदी माणसापायी गेलं असन. ताट वाढत होता, पण मान्य करत नव्हता. वहिनी म्हणली, काय व्हाचं ते होऊन बसलं, तुम्ही इचारलं न इचारलं त्यानं फरक पडत नाई, तुमच्या झोपेले पडन. ती असं सरळ बोले. माही जयवंता असं बोलली असती त मी घर डोक्यावर घेतलं असतं. रूपरावनं धुतलेला सदरा काढला.

पितरपक्ष लागला होता. आम्ही दोघं एसटीनं पुलगाव अन् तिथून वर्धेले गेलो. एलियास घाणीपाशीच होता, हात तेलानं माखलेले. रूपराव त्याच्यासमोर लाकडाच्या ओंडक्यावर बसला अन् त्यानं तोंड उघडलं.

अरे बाप्पा. इतक्या वर्षाची दोस्ती, पण रूपरावले ती बोली येते हे मले माहीत नव्हतं. इंग्रजीचे तुकडे अन् त्याईचे शब्द मिळून झालेली ती बाजारची बोली हाये म्हणे, तिकडं सगळे बोलतात. आधी अडखळला, एकेक शब्द शोधून राह्यला होता. मंग सुटला. एलियास त हसूनच पडला, रूपरावच्या मांडीवर थापा मारे, वर्धेत आपल्या बाजारची बोली ऐकून त्याचे डोळे भरून आले. मी बाजूले बसून दोघाच्या तोंडाकडं पाहत होतो. एकच शब्द मले येत होता, कायकाय म्हणजे जेवण, तो रूपरावनं मले ताटावरच शिकवला होता.

मंग रूपरावनं गावाचं नाव घेतलं. अन् तोमानाचं.

एलियासचं हसू थांबलं. त्यानं हात पुसले, बाजूले बसला अन् हळूहळू सांगाले लागला. हातानं दाखवे, ही वाट, हा डोंगर, पाठीवर टोपली. दर दोन वाक्यात कायकाय, कायकाय. मंग दोन्ही हातानं खाऊन दाखवलं, लय वेळ. मंग मानेवर आडवा हात. रूपरावनं मध्ये काई तरी इचारलं, एकच गोष्ट, दोनदा इचारली. एलियासनं दोनदा मान हलवली. मंग रूपराव उठला, त्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला अन् फाटकाकडं चालाले लागला. मी मागं.

काय म्हणला, काय म्हणला, मी सारखा इचारत होतो. वर्धेच्या स्टँडवर इचारलं, गाडीत इचारलं. पुलगावले रोहण्याच्या गाडीची वाट पाहत बसलो तवा म्हणाला, "तोमाना जिता हाये."

माहा संतापच झाला. जिता हाये? अन् मी इतके वर्षं त्याच्या नावानं जेवून राह्यलो? आमच्याकडं जित्या माणसाचं ताट वाढणं म्हणजे त्याचं आयुष्य तोडणं. अन् जो पितर म्हणून बसला त्याचं काय? मले भोगावं लागन का? मी रूपरावले नाई नाई ते बोललो, स्टँडवरचे लोकं पाहाले लागले. तो म्हणला, त्याले काई झालं नाई, सत्तरीचा हाये, चर्चात घंटा वाजवते. मी म्हणलं, मंग तुह्यं तोंड काऊन उतरलं? पेढे वाट. त्यानं बिडी पेटवली. तवा माह्या ध्यानात आलं, मुंडकं त कोणाचं तरी गेलंच होतं.

घरी आल्यावर त्यानं वहिनीपुढं बसून सांगतलं. मी अन् जयवंता तिथंच होतो. एलियासच्या किनाऱ्यावरच्या सगळ्या लेकराईले ही गोष्ट माहीत हाये म्हणे, आया सांगतात.

गेली ती तोमानाची बायको. जेवण घेऊन वर चढे ती तीच. रोज येत होती, गुहेखालच्या दगडावर पान ठेवे, खोकले, अन् मागच्या मागं निघून जाय. परक्या माणसासमोर ये नाई, तिकडची रीत असन. रूपरावनं तिले पाह्यलं ते पाठमोरं, तेही एखाद-दोन वेळा. तोमानाले जपान्याईनं ओझे वाहाले धरून नेलतं, तो गावात नव्हता, तेवढ्यात ही वाटेवर सापडली. पाठीवर टोपली, टोपलीत शिजवलेले रताळे. हे कोणासाठी? ती म्हणली, माह्यासाठी. तुह्यासाठी त डोंगरावर काऊन नेतं? ती म्हणली, घरी सासू पोटभर खाऊ देत नाई, म्हणून वर जाऊन खाते.

वहिनीच्या तोंडून हुंकार निघाला तो तेव्हाच. तिची सासूही तशीच होती. रूपराव फौजेत गेल्यावर पाच वर्षं ती सासू अन् वहिनी एकाच चुलीवर होत्या.

जपानी म्हणले, मंग इथंच खा, आमच्यापुढं. ती बसली. टोपलीत मोठ्या माणसाचं दोन वेळचं खाणं होतं. तिनं ते सगळं खाल्लं. सालं ठेवले नाई. पण त्याईचा इस्वास बसला नाई. लय मारलं, जागा इचारली. तिनं तेच सांगतलं, सासू खाऊ देत नाई. शेवटी चर्चापुढं, सगळ्या गावादेखत, तिचं मुंडकं उडवलं. नंतर तोमाना सुटून आला अन् त्यानं बायकोचं काई न सांगता रूपरावले डोंगरापलीकडं नेऊन सोडलं.

एवढं सांगून रूपराव थांबला.  मंग वहिनीनं इचारलं, नाव काय तिचं? तो म्हणला, इयातुना. कधी समजलं? तो म्हणला, आज.

"चार महिने तिच्या हातचं खाल्लं," वहिनी म्हणली, "अन् नाव आज समजलं."

ती ओरडली नाई, रडली नाई. पण मले वाटलं, मी त्या घरात नसतो त बरं झालं असतं. खरं सांगतो, मीही कधी इचारलं नव्हतं. तोमानाच्या घरून जेवण ये, एवढं ऐकलं, त ते घरून येते म्हणजे कोणी तरी आणते, हे माह्या डोक्यात आलं नाई. आपल्याकडं बाईनं रांधून वावरात नेलं त त्यात काय सांगाचं? रूपरावनं ज्यानं लपवलं त्याले मानलं, आम्ही सगळ्याईनं त्यालेच मानलं. ही आमची चूक म्हणा, की आमची रीतच म्हणा.

अहेव नवमी जवळच होती. पितरपक्षातली ही तिथी बायाची. नवऱ्याच्या आधी जी बाई गेली, तिच्या नावानं या दिवशी सवाशीण जेवू घालतात. इयातुनाचा नवरा जिता होता, म्हणजे तिची तिथी हीच. आमच्या रीतीत ती अगदी बरोबर बसत होती. जयवंता स्वतःहून म्हणली, मी बसीन सवाशीण, इतके वर्षं हे बसले, आता मी. वहिनी नाई म्हणली. मीच बसीन म्हणली. अहो, पण घरचीच बाई सवाशीण कशी बसन, अन् मंग रांधन कोण? वहिनीनं रूपरावकडं बोट दाखवलं.

नवमीले मी अन् जयवंता सकाळीच गेलो. रूपराव चुलीपुढं होता, डोळे धुरानं लाल. कोणाले हात लावू देईना. वडे फुटले होते, कढीत मीठ जास्त झालं होतं, भात खालून करपला होता. जयवंताचा जीव वरखाली होऊन राह्यला होता, पण वहिनी नव्वारी नेसून, भरल्या कपाळानं पाटावर बसून राह्यली, चुलीकडं पाह्यलंही नाई. मंग रूपराव तांब्या घेऊन तिच्या पायापाशी बसला. नवऱ्यानं बायकोचे पाय धुवाचे? जयवंतानं पदर तोंडात धरला. वहिनी तिले म्हणली, माहे नाई धूत ते.

त्यानं पाय धुतले, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. नाव घेतलं, इयातुना. कावळ्याले घास ठेवला, कावळा आला की नाई ते पाहाचं कोणाले सुचलं नाई. वहिनी जेवाले लागली. खालची मान वर केली नाई. तिनं फुटके वडे खाल्ले, खारट कढी प्याली, उकडलेलं रताळं खाल्लं. ताट पुसून घेतलं.

जेवण झालं की घरधन्यानं हात जोडून पितराले इचाराचं असते, तृप्त झाले का? हो म्हणलं की ताट उचलतात. मी त प्रश्न पुरा व्हाच्या आधीच ढेकर देत असे. नाई म्हणणारा पितर मी जलमात पाह्यला नाई.

रूपरावनं हात जोडले. "तृप्त झाल्या का?"

वहिनी म्हणली, "नाई."

जयवंतानं माह्याकडं पाह्यलं. रूपराव म्हणला, काय राह्यलं? वाढू का अजून?

"वर्धेहून आल्यापासून तुमच्या पोटात काई अडकलं हाये," वहिनी म्हणली. "ते सांगा. मंग उठीन."

रूपरावचे जोडलेले हात तसेच राह्यले. मले वाटलं हा आता उठून बाहेर जाते, बैलाकडं, त्याची ती सवयच. पण तो पाटासमोरून हलला नाई. वहिनीकडं पाहून नाई, तिच्या पायाकडं पाहून बोलाले लागला.

"त्या दिवशी जेवण आलं नाई. दुसऱ्या दिवशीही नाई आलं. म्या समजलं, कंटाळली. गुहेत पडल्या पडल्या मी तिले शिव्या घातल्या. मायवरून घातल्या. रांड मले उपाशी मारते म्हणलं. दोन दिवस मी हेच करून राह्यलो होतो, अन् खाली ती..."

 एलियासले त्यानं दोनदा काय इचारलं असन ते मले तेव्हा समजलं. तिले दोन दिवस मारत होते का, हेच इचारलं असन.  तोमाना जिता निघाला तवा मी त्याले पेढे वाट म्हणलं होतं, त्याची मले लाज वाटली.

 वहिनीच्या चेहऱ्यावर राग होता का, ते मले सांगता येत नाई. मंग तिनं रिकामं ताट हातानं पुढं सरकवलं अन् म्हणली, "वाढा."

त्यानं वाढलं. तिनं ते खाल्लं. परत ताट सरकवलं, त्यानं परत वाढलं. करपलेला भात, कढी, रताळे, जे होतं ते. ती बाई इतकं कधी खात नसे, अर्ध्या पोळीवर उठणारी. जयवंता म्हणाले गेली, बाई पुरे, तर मी तिचा हात दाबला. भांडे रिकामे होईपर्यंत वहिनी खात राह्यली, घाई न करता, एकेक घास. रूपराव परत काई इचारू शकला नाई. शेवटी तिनंच पाणी प्यालं अन् म्हणली, "झाली तृप्त."

रूपराव होता तिथंच खाली बसला अन् लेकरासारखा रडला. फौजेतून आला तवा नाई रडला, माय मेली तवा नाई रडला.

वहिनी पाटावरून उठली. जयवंता ताट उचलाले वाकली, तर तिले म्हणली, राहू दे, तेच उचलतीन.